विलायती गाडीत टेम्पोचं इंजिन

एका वर्षी, ऐन द्राक्षांच्या हंगामात, मी आमच्या तात्यांच्या विलायती स्पोर्ट्‌स कारमध्ये टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं.

हे वाक्य मी आजवर बऱ्याच तऱ्हांनी सांगून पाहिलं आहे. कधी हसत, कधी मिस्त्रीच्या अंगावर ढकलत, कधी ‘त्या काळी सगळेच बसवत होते’ अशी पुस्ती जोडत. आता सांगायचाही कंटाळा येतो, म्हणून सरळ लिहून टाकतो. बसवलं. मीच बसवलं. कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती, आणि अंगात तापही नव्हता.

शिक्षा म्हणाल तर ती अशी, की ते इंजिन अजून चालतं. माघ सरत आला की आमच्या बागेत दरवर्षी तेच होतं. सकाळच्या थंडीला धार राहत नाही, ऊन पानांच्या जाळीतून उतरून घडांवर बसायला लागतं, मण्यांवर ती पांढुरकी लव चढते, आणि भर दुपारी, शेडमध्ये खोक्यांची रास लागलेली असताना, वीज जाते. मग विहिरीजवळच्या पत्र्याखाली जाऊन गडी ते चालू करतो. आधी एक खोकला, मग दुसरा, मग धड धड धड धड. जनरेटर फिरतो, शेडमधले पंखे हलतात, बाया पुन्हा कात्र्या उचलून घड साफ करायला लागतात. सगळ्यांना हायसं वाटतं. मी तेवढा उठून बांधाच्या पलीकडे जाऊन बसतो. माझी बायको शैला शेडमधूनच ओरडते, “आला का तुमचा मित्र? पळता कुठं? भेटा की!”

गाडी गेली, म्हणजे तळातून गंजून गंजून बसली. तात्याही गेले, त्याला आता काही वर्षं झाली. इंजिन उरलं. नको असलेलं माणूस सगळ्यांत जास्त जगतं म्हणतात, तसंच काहीसं.

तात्या म्हणजे माझे वडील. निफाडकडचे जुने बागायतदार. पांढरी टोपी, पांढरं धोतर, कोपरापर्यंत दुमडलेला नेहरू शर्ट, आणि ह्या सगळ्याला अजिबात न शोभणारी एक गोष्ट, ती म्हणजे ही गाडी. दोनच माणसांची, उघडी, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. देवळाली कॅम्पातलं एक कुटुंब कायमचं परदेशी चाललं होतं, त्यांच्याकडून ती तात्यांनी घेतली, तेव्हा मी चड्डीत होतो. घरच्यांना वाटलं होतं, तात्या बैलजोडी बघायला गेलेत. संध्याकाळी ते हे घेऊन आले. गावातले म्हातारे पारावरून बघायचे आणि म्हणायचे, “आला बघा बादलीत बसून.” तात्या वेग वाढवायचे, की एक हात चाकावर आणि दुसरा टोपीवर. टोपी त्यांनी कधी काढली नाही आणि वेगही कधी कमी केला नाही.

तिचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मोठ्या पातेल्यात दूध वर यायच्या आधी आतल्या आत जो घुमारा धरतो, तसा काहीतरी. चांदोरीच्या बाजूने गाडी यायला लागली की आई चुलीवर तवा चढवायची. तात्या दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. इतका तो आवाज घरातला झाला होता.

आणि एक रीत होती. हंगामातली पहिली पेटी विकायची नाही. ती तात्यांच्या थोरल्या बहिणीकडे, सायखेड्याच्या आक्काकडे जायची, आणि तात्यांनीच ती आपल्या हाताने गाडी चालवत नेऊन द्यायची. शेजारच्या सीटवर माणूस बसवावा तशी पेटी बसवायची. आक्का ओट्यावर वाट बघत असायची. झाकण उघडून पहिला मणी देवापुढे, दुसरा भावाच्या हातावर, तिसरा स्वतःच्या तोंडात. मग डोळे बारीक करून म्हणायची, “आंबट हायेत.” दरवर्षी. तात्या हसत परत यायचे आणि म्हणायचे, “चला, लागा कामाला.” आक्काने आंबट म्हटल्याशिवाय आमच्याकडे कात्री चालत नसे. व्यापारी दारात गाडी लावून बसलेला असला तरी.

नव्वदच्या दशकातल्या ज्या हिवाळ्याचं मी सांगतोय, त्या हिवाळ्यात दोन गोष्टी बरोबरच थकल्या. गाडीचं इंजिन आणि तात्यांचे डोळे.

इंजिन निळा धूर ओकायला लागलं. पेट्रोलपेक्षा ऑइल जास्त पीत होतं. चढावर दम लागायचा, उतारावर खोकला. तात्या त्याला चुचकारत चालवायचे. इंजिन एकदम मोडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला नेहमी वाटतं. मोडलेल्या वस्तूचं काय करायचं ते माणसाला कळतं. झिजलेल्याचं कळत नाही. ती आजही चालते, कालच्यापेक्षा थोडी कमी, आणि आपण म्हणतो, चालतंय की अजून. डोळ्यांचंही तसंच. तात्या साखर समजून मिठाच्या बरणीतून चिमूट उचलायचे आणि चहात टाकून, तोंड वाकडं न करता, पिऊन टाकायचे. चूक कबूल करण्यापेक्षा खारट चहा परवडला, असा तो स्वभाव. माझ्यात तो उतरला नाही. मी चुका इतक्या करतो की कबूल करण्यावाचून गत्यंतरच नसतं.

शेवटी नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजव्या डोळ्याला मोतीबिंदू होता, पौषात ऑपरेशन ठरलं. त्याच आठवड्यात गाडीने चांदोरीच्या पुलावर मान टाकली. बैलगाडीला बांधून आणली. तात्या पुढच्या बैलांकडे बघत, टोपी धरून, वेग असल्यासारखे बसले होते.

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी ते गाडीपाशी उभे होते. मला म्हणाले, “डोळा झाला की पहिली पेटी मी नेनार. तवर गाडी उभी कर.”

“आणि दुरुस्त नाही झाली तर?”

“तर मग मीबी बसलोच समज. खाटेवर.”

हे ते हसत म्हणाले नाहीत. मी मात्र हसलो.

शैला दारातून ऐकत होती. आत गेल्यावर म्हणाली, “तुम्ही मध्ये पडू नका. चांगल्या मिस्त्रीला द्या आणि लांब उभे राहा. तुम्ही हात लावला की वस्तूचं काय होतं, ते ह्या घराला ठाऊक आहे.” हा टोला फवारणीच्या पंपाला होता. त्याच्या आधीच्या वर्षी मी पंपात एक सुधारणा केली होती आणि गंधकाचं पाणी वेलींवर जायच्या ऐवजी बाग बघायला आलेल्या तिच्या मामांवर गेलं होतं. मामा अजून आमच्याकडे द्राक्षं खात नाहीत.

नाशकात द्वारका चौकाच्या पुढे, हायवेला लागून, एका कडुनिंबाखाली कादरभाईंचं गॅरेज होतं. कादरभाई मूळचे मालेगावचे. इंजिन असेल ते काहीही दुरुस्त करायचे आणि इंजिन नसेल त्यावर मत द्यायचे. माणूस गोड. आत्मविश्वास एवढा, की समोरच्याला आपला स्वतःचा आत्मविश्वास घरी ठेवून आल्यासारखं वाटायचं. गाडी टेम्पोत घालून तिथे नेली. त्यांनी जुनं इंजिन उघडलं, आत बोट फिरवलं, काळं झालेलं बोट मला दाखवलं आणि फडक्याला पुसलं.

“शेठ, ये तो बुढ्ढा हो गया. रिंगा गेल्या, बोअर गेला, क्रँक पण बोलतोय.”

“नवे पिस्टन टाकून—”

“कुठून टाकू? नाशकात नाही, मुंबईत नाही. विलायतेला मागवा. येईस्तोवर आपले तात्या पणतूच्या लग्नात नाचतील.” मग आवाज खाली आणून, जणू घराण्यातला मंत्र देतोय अशा थाटात, “डिझेल टाका.”

त्या वर्षांत नाशकात हे वाक्य हवेतच होतं. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, अडत्यांच्या, सगळ्यांच्या गाड्यांतली पेट्रोलची इंजिनं काढून त्यात स्वस्तात चालणारी डिझेल इंजिनं बसत होती. लग्नाकार्यात लोक मुलाबाळांची चौकशी करून झाली की विचारायचे, “डिझेल केली का?” न करणारा माणूस म्हणजे खुळा किंवा मग्रूर. मला दोन्ही व्हायचं नव्हतं. मग मी तिसरं काहीतरी झालो.

“पण ही छोटी गाडी आहे, कादरभाई.”

“छोटी गाडी, बडा दिल! टेम्पोचं इंजन आहे माझ्याकडं, एकदम घोडा. तात्यांची नातवंडं चालवतील. परवा या घेऊन जायला.”

इथे कुणीही शहाण्या माणसाने म्हणायला हवं होतं, की मी वडिलांना विचारतो. वडील एका डोळ्याच्या ऑपरेशनची तयारी करत दवाखान्यात पडले होते, त्यांना कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांना चकित करायचं होतं. आयुष्यभर ज्या माणसाला आपण नुसतं घाबरवलं, त्याला एकदा चकित करावं, अशी एक हौस असते मुलांच्या मनात. जुनं इंजिन कादरभाईंनी बदल्यात ठेवून घेतलं. मी मान हलवली. तेवढंच.

परवा कधी आला नाही.

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला होता आणि सगळ्या तालुक्यातले टेम्पो एकदम आजारी पडले होते. ज्याचा माल भरलेला तो पुढे. कुणाच्या टेम्पोत खोकी उन्हात तापतायत, कुणाला संध्याकाळपर्यंत मुंबई गाठायची आहे. माझ्या तक्रारीला तोंडच नव्हतं, कारण उद्या माझाही माल त्याच टेम्पोंनी जाणार होता. तेव्हा मी रोज सकाळी बाग शैलाच्या हवाली करून एसटीने नाशकात जायचो आणि गॅरेजमधल्या एका उखडलेल्या सीटवर बसायचो. त्या सीटची एक स्प्रिंग वर आली होती. कसंही बसलं तरी ती आपल्याला शोधून काढायची.

तो सगळा काळ माझ्या आठवणीत एका लांबलचक दुपारसारखा उरला आहे. ऑइलने काळी झालेली जमीन, त्यावर चिकटलेली कडुनिंबाची पिवळी पानं, हायवेवरून जाणाऱ्या ट्रकांचा वारा, गार झालेला चहा. प्रत्येक टेम्पोतून द्राक्षांचा आंबूस गोड वास यायचा आणि वाटायचं, आपली बाग इथून निघून चाललीय आणि आपण इथे एका स्प्रिंगवर बसलोय. काही न करणं इतकं दमवतं, हे मला तेव्हा कळलं. खुडणी करणारी बाई संध्याकाळी पाय ताणून बसते, तिच्या शिणाला काही अर्थ असतो. माझ्या शिणाला नव्हता. घरी पोचलो की शैला हिशेबी नजरेने बघायची. तिचे हात द्राक्षाच्या चिकाने काळे पडलेले, माझे ग्रीसने. “कुणाचे जास्त काळे, लावा पैज,” मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, “तोंड सोडून, की धरून?”

शेवटी एकदा गाडीची पाळी आली. साखळीच्या कप्पीवर लटकलेलं टेम्पोचं इंजिन गाडीच्या पुढच्या खड्ड्यावर आणलं, तेव्हा बघणाऱ्या लहान मुलालाही समजलं असतं. पाटावर म्हैस बसवतात तसं ते दिसत होतं. मला समजलं नाही असं नाही. पण एकदा म्हैस हवेत लटकल्यावर नको कसं म्हणायचं? कादरभाईंनी इकडचा पत्रा कापला, तिकडचा वाकवला, रेडिएटर पुढे ढकलला. इंजिन बसलं. बॉनेट बसेना. मग बॉनेटला मधोमध भोक पाडून वर पत्र्याचं एक कुबड वेल्ड केलं. पुढच्या स्प्रिंगांनी वजन बघून गुडघे टेकले आणि गाडीची मान खाली गेली, ती तशीच राहिली.

सटाण्याचा एक टेम्पोवाला बिडी ओढत सगळं बघत होता. त्याने गाडीला एक फेरी मारली आणि मला विचारलं, “भाऊ, हाई गाडी शे का ट्रॅक्टर?”

कादरभाई त्याच्यावर धावून गेले. “तू तुझं बघ! स्पोर्ट्‌स गाडी आहे ती!” आणि मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच जरा कमी आत्मविश्वासाने, “है ना, शेठ?”

चालू केली. आरसा असा थरथरायला लागला की मागचा सगळा हायवे त्यात तिप्पट दिसू लागला. डावीकडचं दार आपोआप उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. दातावर दात वाजत होते, माझेही आणि गाडीचेही. तरी मला आनंद झाला, हे सांगायला हवं. चालत होती ना. तात्या म्हणाले होते उभी कर, मी उभी केली होती.

दुसऱ्या दिवशी तात्यांना घरी सोडणार होते. मी गाडी घेऊनच गेलो. शैला वॉर्डातून त्यांना हात धरून बाहेर आणत होती. उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यावर टोपी. मी फाटकापाशी गाडी लावली, इंजिन मुद्दाम चालू ठेवलं. तात्या पायरीवर थांबले. कान दिला.

“त्या टेम्पोवाल्याला म्हनावं, फाटकातून पुढं घे,” ते शैलाला म्हणाले. “आजारी मानसं हायेत आत.”

शैला माझ्याकडे बघत राहिली. शेवटी मीच म्हणालो, “तात्या, आपलीच गाडी आहे.”

ते शैलाचा हात सोडून चाचपडत पुढे आले. हात बॉनेटवर फिरवला, कुबडावर आला, तिथे थांबला. घरातल्या जनावराला गाठ झाली की हात जसा थांबतो, तसा. मग हात काढून घेतला, आत बसले. शैला एसटीने आली. चांदोरीच्या अलीकडे उसाने भरलेला एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून पुढे गेला, तेव्हा तात्या फक्त म्हणाले, “जाऊ दे त्याला. त्याला घाई हाय.”

रागावले असते तर मी निभावलं असतं. त्यांच्या रागाची मला सवय होती. चार दिवसांनी त्यांनी एवढंच विचारलं, “जुनं कुठाय?”

कादरभाईंकडे गेलो. ते जरा ओशाळले. जुनं इंजिन मालेगावच्या भंगारात गेलं होतं. मी तसाच मालेगावची बस धरली. दुपारचं ऊन, गल्लोगल्ली यंत्रमागांचा खडखडाट, इतका अखंड की थोड्या वेळाने तो बाहेर आहे की आपल्या डोक्यात, तेच समजेना. भंगारवाल्याने गंजलेल्या ढिगावरून मला हिंडवलं. किती तरी गाड्यांची आतडी तिथे पडली होती. “वो तो गल गया होगा, साब,” तो शांतपणे म्हणाला. मग त्याच्या घराच्या दारात मला ते दिसलं. इंजिनाच्या वरचं झाकण, त्यावर विलायती अक्षरं. उताणं करून त्यात पाणी भरलं होतं आणि कोंबड्या एकेक थेंब घेऊन मान वर करत होत्या. मी बघत उभा राहिलो. मागितलं असतं तर त्याने दिलं असतं. मी मागितलं नाही. झाकण घेऊन घरी जाऊन काय सांगायचं होतं? ह्याच्याखाली जे होतं ते मी घालवलं, हे वरचं घ्या?

परतीच्या बसमध्ये मी डोकं खिडकीच्या गजाला टेकून बसलो होतो. बाहेर कांद्याची शेतं, मग द्राक्षांच्या बागा, मागे धूळ. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की थकलेल्या वस्तूच्या जागी जास्त ताकदीची वस्तू आणून बसवणं म्हणजे तिची काळजी घेणं नव्हे. ती थकली, हे आपल्याला बघवत नाही, एवढंच. आजही कधी शेडच्या पाठीमागे बसून ते धडधडणं ऐकताना वाटतं, माझ्या अंगातही हल्ली जुनं काही हळू हळू झिजतंय, गुडघ्यात, कानात. मुलगा सुचवतो, हे करा, ते बसवून घ्या. मी त्याला म्हणतो, थांब रे जरा. त्याला त्यात म्हातारपणाचा हट्ट दिसतो.

पट्टी निघाली. काळा चष्मा आला. डॉक्टर म्हणाले, दिसेल हळूहळू, घाई नको. तात्या अंगणात बसून लांबच्या वस्तू ओळखून दाखवायचे. “ती विहीर. ती शैला. ते गाढव.” गाढवाच्या जागी मी उभा असायचो, पण हे ते जाणून म्हणतात की न दिसून, ते मला तेव्हा ठरवता येत नव्हतं.

आणि पहिली पेटी भरली. पेठकडून खुडणीला आलेल्या बाया, गडी, शैला, सगळे शेडपाशी जमले. व्यापारी येऊन बसला होता. घड एकेक करून कागदात ठेवले, झाकण लावलं. तात्या स्वच्छ धोतर नेसून आले. शैलाने मला बाजूला घेतलं. “त्यांना नेऊ देऊ नका. काल पाण्याचा तांब्या त्यांनी ओट्याच्या बाहेर ठेवला.” मी म्हणालो, “तू सांग.” ती म्हणाली, “मी कशी सांगू? मला ही गाडी त्यांनी शिकवलीय.” हे खरं होतं. लग्न होऊन आली त्याच वर्षी तात्यांनी तिला गाडी शिकवली. मला कधी हात लावू दिला नव्हता.

शेवटी दोघांनीही सांगितलं नाही. तात्या चाकामागे बसले. मी शेजारी, मांडीवर पेटी. इंजिन धडधडलं, बाया हसू दाबत पदर तोंडाला लावून उभ्या. तात्यांनी टोपीवर हात ठेवला आणि गाडी निघाली.

बागेतून रस्त्याला लागायला आमची एक चाकोरी आहे, दोन्ही बाजूंना वेलींच्या ओळी. ओळीच्या टोकाला तारा ताणून धरणारा दगडी खांब असतो. शेवटच्या ओळीपाशी वाट उजवीकडे वळते. मला डावीकडचा खांब दिसत होता. मला वाटलं, आता वळवतील. मग वाटलं, मुद्दाम जवळून घेतायत. आपल्या बापाला दिसत नाही, हे माणसाच्या मनात सगळ्यांत शेवटी येतं. “तात्या—” मी म्हणेपर्यंत गाडीची मान खांबाला टेकली. टेकली एवढंच. ती धावतच कुठे होती? जुनं इंजिन असतं तर ती चाकोरी त्यांनी सुसाट घेतली असती. एक हेडलाइट फुटला, तार वाजली, वेली हलल्या, चार पिकली पानं आमच्या अंगावर पडली. इंजिन आचके देऊन बंद झालं. एकदम सगळीकडे शांत. मधमाश्यांचा आवाज ऐकू यायला लागला.

तात्या समोर बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, “हा खांब कधी रोवला इथं?”

तो खांब त्यांनीच रोवला होता. मी शाळेत होतो, दगडाचं दुसरं टोक मी धरलं होतं.

“मागच्या महिन्यात,” मी म्हणालो. “तारा सैल पडल्या होत्या.”

त्यांनी मान हलवली. उतरले, बॉनेटला हात लावत लावत फिरून माझ्या बाजूला आले, आणि खांबावर तळवा ठेवला. दगडावरच्या जुन्या छिन्नीच्या खुणांवरून त्यांचा अंगठा सावकाश खाली आला, परत वर गेला. डोळ्यांना नसेल दिसत, अंगठ्याला सगळं दिसत होतं. “चांगला रोवलाय,” म्हणाले.  मी पेटी घेऊन बसून होतो. उतरावं की बसून राहावं, तेही कळत नव्हतं.

मग त्यांनी टोपी सारखी केली आणि शेडच्या दिशेने चालायला लागले. मी पेटी खांद्यावर घेऊन मागे. शेड जवळ आलं तसा त्यांचा आवाज चढत गेला. “काय पन इंजिन! चाक वळत नाय, ब्रेक धरत नाय, दगडासारखं सरळ जातंय! अशी गाडी आपल्याला नाय चालवायची! कोन चालवनार हिला? मी नाय हात लावनार पुन्यांदा!” बाया, गडी, व्यापारी, सगळे माझ्याकडे बघून हसायला लागले. मीही हसलो. शैला हसली नाही. ती तात्यांच्या पायांकडे बघत होती, उंबऱ्याला अडखळत होते ते.

तात्यांनी तिच्यापुढे हात केला आणि किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली.

“सूनबाई, पेटी तू नेऊन दे आक्काला. किल्लीबी तुझ्याकडंच ठेव. ह्या शहान्याच्या हाती देऊ नको. आज टेम्पोचं इंजिन बसवलंय, उद्या हिच्यावर पिठाची गिरनी बसवील.”